नमुना अपुरा

अब्दुल गफ्फार त्या लॅबमध्ये पहिल्यांदा गेले ते सुरीला धार लावायला. घराणं शिकलगारांचं. अकोल्याच्या बैदपुऱ्यात त्यांचे वडील कात्र्या, वस्तरे आणि खाटकांचे सुरे लावून देत. एकोणीसशे नव्वदच्या आसपास रतनलाल प्लॉटमधल्या एका डॉक्टरांनी त्यांच्याकडे एक वीतभर लांबीची, हाताला जड लागणारी सुरी पाठवली. सोबत निरोप असा, की हिनं माणसाच्या मांसाचे केसापेक्षा वीसपट पातळ काप काढायचे आहेत, तशी धार हवी. वडिलांना ती थट्टा वाटली. गफ्फारना मात्र ते पाहावंसं वाटलं, म्हणून धार लावून झाल्यावर सुरी पोचवायला ते स्वतःच गेले. डॉक्टरांनी सुरी यंत्रात बसवली, चाक फिरवलं, आणि तिच्या कडेवरून मेणाची झिरझिरीत फीत सुटत आली. एकवीस वर्षांच्या त्या पोराचं मन तिथेच बसलं. घरी येऊन त्यानं बापाला सांगितलं की मी उद्यापासून दुकानात येणार नाही.

पुढची तेहतीस वर्षं ते त्या यंत्रापाशी होते. सुऱ्या जाऊन फेकून द्यायची पाती आली, म्हातारे डॉक्टर जाऊन त्यांचे चिरंजीव डॉक्टर शेखर आले, पण काम तेच राहिलं. कुणाच्या जठरातून, कुणाच्या आतड्यातून, कुणाच्या यकृतातून काढलेला तुकडा बाटलीतून येतो. तो मेणात बसवून काडेपेटीहून लहान अशी वडी करायची. लॅबमध्ये तिला ब्लॉक म्हणतात. त्या वडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगत ठेवायचे, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायचे, रंगवायचे. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणार, कर्करोग आहे की नाही. म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्याआधी सगळं गफ्फारभाईंच्या हातून जायचं. वाशीमचे, खामगावचे, अमरावतीचे सर्जन नमुने पाठवताना फोनवर सांगत, "काप गफ्फारभाईंनाच काढू द्या."

हाताला कंप सुटला तो दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात. आधी नुसता चहाचा कप बशीवर वाजायचा. मग बिल्कीसनं, त्यांच्या बायकोनं, सुईत दोरा ओवून मागितला आणि त्यांना ते जमेना. बिल्कीस म्हणाली, दाखवून या. ते म्हणाले, थंडी आहे. थंडी गेली तरी कंप राहिला. त्यांनी युक्त्या शोधल्या. कोपर टेबलाला टेकवायचं, डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, चाकाची मूठ घट्ट आवळायची म्हणजे कंप मुठीत जिरतो. शेजारच्या टेबलावर बारा वर्षांपासून काम करणारी ललिता हे पाहत होती. एक दिवस सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "भाई, तुमी कापा, पाण्यावरून उचलाचं मी पाहतो." गफ्फारभाईंनी तेही मुकाट्यानं स्वीकारलं.

मग तेवीस सालचा मे आला. अकोल्याचा मे म्हणजे सकाळी दहानंतर माणूस रस्त्यावर दिसत नाही. त्या दिवसांत सुभद्राबाईंचा नमुना आला होता. भातकुलीच्या पलीकडच्या एका गावातली, एकसष्ट वर्षांची बाई. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, म्हणून अमरावतीला तपासलं तर यकृतातल्या पित्तनळीत गाठ निघाली. सुई घालून दोन बारीक धागे काढले होते, नखाएवढ्या लांबीचे. पहिले काप गफ्फारभाईंनीच काढले, चांगले आले, निदानही झालं. वडीत अजून बराचसा धागा शिल्लक होता.

आठवड्यानं अमरावतीहून डॉक्टर प्रियदर्शनींचा फोन आला. या कर्करोगावर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टर. त्यांना त्याच वडीतून आणखी दहा काप हवे होते, मुंबईला पाठवायला. डॉक्टर शेखर बाहेर होते म्हणून फोन गफ्फारभाईंनी घेतला आणि सवयीप्रमाणे विचारलं, कशासाठी. प्रियदर्शनी मॅडमना असं विचारणारा माणूस आवडला असावा. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आपण खाल्लेल्या अन्नाचं बळ करण्याचं काम पेशीतली एन्झाइम करतात. या जातीच्या कर्करोगात कधीकधी त्यातलं एक बिघडतं आणि भलताच पदार्थ बनवत सुटतं. त्या पदार्थामुळे पेशी वयात येतच नाहीत, नुसत्या वाढत राहतात. आता अशी गोळी आहे की ती नेमकी त्या बिघडलेल्या एन्झाइमचेच हात बांधते. पण ते बिघडलंय की नाही हे आधी तपासायला हवं. सलाइनमधून द्यायचं औषध या बाईंना सोसणार नाही, त्यांच्यासाठी ही एकच वाट आहे. "दहाच काप, गफ्फारभाई. पातळ."

"होऊन जाईल मॅडम," ते म्हणाले.

दुपारची वेळ होती. ललिता जेवायला गेली होती. वडी यंत्रात लावली तर जराशी तिरकी बसली. ती सपाट होईपर्यंत आधी जाड काप काढावे लागतात, म्हणून त्यांनी जाडीचा आकडा तीसवर नेला आणि दोन फेरे फिरवले. वडी सपाट झाली. आता आकडा चारवर आणायचा. नेमका त्याच वेळी हात असा काही थरथरला की पात्याच्या कडेला लागतो की काय असं झालं. त्यांनी चाकाची मूठ आवळली. सगळं लक्ष त्या मुठीत गेलं. हात स्थिर झाला, एवढा स्थिर की त्यांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात ते चाक फिरवत राहिले. दहा-बारा फेरे झाले असतील. फीत येत नव्हती, नुसती जाड वळवळीत कात्रणं गळत होती. पातं बोथट झालं असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ब्रश घेतला, कात्रणं सवयीनं खालच्या टोपलीत झाडून टाकली आणि पातं बदलायला वाकले. तेव्हा आकडा दिसला. तीस.

वडी काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. मेणातल्या धाग्याची ती पांढरी रेघ नव्हती. आरपार नुसतं मेण होतं.

डॉक्टर शेखर आले तेव्हा त्यांनी सांगितलं, "सर, त्या पित्तनळीच्या ब्लॉकमधलं संपलं." शब्द खरे होते. सुईचे नमुने लहानच असतात, काप काढता काढता संपतात, महिन्यातून एकदोनदा हे होतंच. डॉक्टरांनी मान हलवली आणि इंग्रजीत दोन शब्द टाइप केले. नमुना अपुरा.

दुसऱ्यांदा सुई घालणं शक्य नव्हतं. कावीळ वाढली होती, रक्त गोठत नव्हतं. प्रियदर्शनी मॅडमनी घरच्यांना सांगितलं की वडीच मागून घ्या आणि मुंबईला दाखवा, खोलवर काही उरलं असेल तर ते लोक काढतील. म्हणून तीन दिवसांनी सुभद्राबाईंचा मुलगा किशोर लॅबच्या काउंटरवर येऊन उभा राहिला. बडनेऱ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. धुतलेल्या हाताच्याही नखांत काळं तेल बसलेलं.

गफ्फारभाई तेव्हाच सांगू शकले असते. काउंटरपाशी चार-सहा माणसं रिपोर्टसाठी उभी होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की वडीच्या एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी पांढुरकं दिसत होतं, आणि ते हवेचा बुडबुडा आहे हे ठाऊक असूनही तीन दिवस ते स्वतःला सांगत होते की कदाचित नसेलही. त्यांनी वडी कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत घातली आणि किशोरच्या हातात दिली. किशोरनं ती दोन्ही हातांची ओंजळ करून घेतली.

"चाचा, बाहेर पंचेचाळीस आहे," तो म्हणाला. "हे वितळणार तं नाई ना?"

"थर्मासमधी बर्फ घाल अन् त्यात ठेव. डबीत पाणी जाऊ देजो नोको."

त्यानं समोरच्या दुकानातून थर्मास घेतला, परत आत येऊन गफ्फारभाईंकडूनच डबी नीट ठेवून घेतली, त्यांचा नंबर घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुंबईला निघाला. दुपारी भुसावळहून त्याचा फोन आला. गाडीच्या डब्यात भट्टी लागल्यासारखं झालं होतं, बर्फाचं पाणी झालं होतं. त्यानं फलाटावरच्या रसवाल्याकडून नवा बर्फ मागून घेतला होता आणि एवढा पुरेल का हे विचारायला फोन केला होता. गफ्फारभाई जेवायला बसले होते. पुरेल, म्हणाले. फोन ठेवला आणि ताटावरून उठले. बिल्कीसनं विचारलं तर म्हणाले, उन्हाचं अन्न जात नाही.

त्यानंतर किशोरचा फोन आला नाही. मुंबईहून कुणी जाब विचारला नाही. लॅबमध्ये त्या वडीचा विषय कुणी काढला नाही. गफ्फारभाई मात्र कात्रणं झाडायचा तो ब्रश हातात घेत नसत. रसवंतीवर बर्फ फोडण्याचा आवाज आला की रस्ता बदलत. नमाजाला उभं राहिलं की मन लागायच्या जागी आकडा येऊन उभा राही, तीस. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. जाड काप काढायचं काम आलं की ते दर फेऱ्याला आकडा बघत, दोनदा, तीनदा, आणि तरी वाटत राही की आपण बघितलंच नाही.

वर्ष असंच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीला लॅबच्या लोकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. डॉक्टर शेखरनी त्यांना आणि ललिताला पाठवलं. बोलायला प्रियदर्शनी मॅडम होत्या. पोटाच्या कर्करोगांवर अशा एन्झाइमला धरणाऱ्या गोळ्या आता हळूहळू येत आहेत, म्हणून नमुन्याचा कणही वाया घालवू नका, असं त्या सांगत होत्या. पडद्यावर एक लहानशी नळी दाखवून त्या म्हणाल्या, "जाड कात्रणंसुद्धा टाकू नका. ती अशी नळीत भरून पाठवली तरी तपासणी होते. उलट कधीकधी आम्ही तीच मागतो."

गफ्फारभाई तिसऱ्या रांगेत बसले होते. ललितानं नंतर सांगितलं की तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर उडत होता आणि त्यांनी तो धरण्याचा प्रयत्नही केला नाही. सुभद्राबाईंची कात्रणं त्या दिवशी टोपलीत पडल्यावर संध्याकाळपर्यंत तिथेच होती. संध्याकाळी झाडणाऱ्या बाईनं नेली. चार-पाच तास ती तिथे होती.

चहाच्या वेळी त्यांनी मॅडमना गाठून सुभद्राबाईंचं विचारलं. मॅडमना आठवायला वेळ लागला. त्या भाद्रपदात गेल्या, त्या म्हणाल्या. मग गफ्फारभाईंचा चेहरा पाहून त्यांना वाटलं असावं की माणूस कनवाळू आहे, म्हणून पुढे सांगितलं की ते एन्झाइम सात-आठ जणांत एखाद्याचंच बिघडलेलं सापडतं. सापडलं तरी गोळीनं आजार जात नाही, काही महिने थांबतो, एखाद्याचा बराच थांबतो. तपासणी झाली असती तरी बहुधा उत्तर नाही असंच आलं असतं.

बहुधा हा शब्द गफ्फारभाई परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत घोळत होते.

त्यानंतर त्यांनी कात्रणं जमवायला सुरुवात केली. ज्यांची कधी तपासणी होणार नव्हती त्यांचीही. हर्नियाच्या पिशवीची, ॲपेंडिक्सची, साध्या चामखिळीची. एकेका नळीत भरायची, वर नंबर घालायचा, खणात ठेवायची. दिवाळीच्या सफाईत ललितानं तो खण उघडला तर आत चारशेच्या वर नळ्या निघाल्या. मग दार लोटून त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"भाई, कोनाचं गेलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. ललिता रडली नाही, समजूतही घातली नाही. डॉक्टरांना सांगा, म्हणाली. डॉक्टर शेखर चांगले गृहस्थ होते. ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि चूक आपलीही आहे, हात आपल्याला दिसायला हवा होता, असं म्हणाले. पण घरच्यांना जाऊन सांगू नका, असंही म्हणाले. दीड वर्ष झालंय, त्यांनी मन आवरलं असेल, त्यांना आता पुन्हा कशाला उकरायचं. गफ्फारभाईंना ते पटलं. पटूनही जानेवारीतल्या एका रविवारी ते बडनेऱ्याला उतरले आणि भातकुलीच्या गाडीत बसले.

तुरीची कापणी चालली होती. किशोर घरामागे गोठ्यापाशी तुराट्यांचे भारे लावत होता. त्यानं लगेच ओळखलं. बाज टाकली, आतून पाणी आणलं, बाबा वावरात आहेत म्हणाला, इतक्या दूर कसं येणं केलं विचारलं. गफ्फारभाईंनी पाणी बाजूला ठेवलं.

"किशोर, तुह्या मायचा नमुना अपुरा नव्हता. पुरेसा व्हता. माह्या हातानं गेला."

किशोरला आधी कळलं नाही. त्यांनी यंत्राचं सांगितलं, आकड्याचं, कात्रणांचं. किशोर मेकॅनिक होता, एवढं त्याला पुरलं.

"म्हंजे सेटिंग फिरवाचं राह्यलं."

"व्हय."

"अन् जवळ दुसरं कोनी नव्हतं."

"नव्हतं. अन् तू वडी न्यायले आला तवा मले माहीत व्हतं."

किशोरच्या हातात एक तुराटी होती. ती त्यानं मोडली, मग अर्धी मोडली, मग बोटाएवढे तुकडे होईपर्यंत मोडत राहिला. मग तो बोलला. मुंबईच्या त्या दवाखान्यात तो दोन दिवस बसून होता. तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसानं वडी दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, यात काहीच नाही, निव्वळ मेण आहे, तुमच्याकडच्यानं वाया घालवलं असेल. किशोरनं त्याची कॉलर धरली होती. आमच्या अकोल्याच्या चाचाचा हात आहे, तुले दिसत नसन, असं तो ओरडला होता. वॉचमननं त्याला बाहेर काढलं.

"मी तुमच्यासाठी भांडलो, चाचा."

किशोरनं विचारलं, ती वाचली असती का. त्यांनी मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, सात-आठ जणांत एक, आणि तेही काही महिने. आपण हे स्वतःला सोडवण्यासाठी सांगतोय असं त्याला वाटेल, हे सांगतानाच त्यांच्या लक्षात आलं.

"महिने तं महिने," किशोर म्हणाला. "मांगच्या फेब्रुवारीत माह्या पोरीचं लगन झालं. पाचच महिने पाह्यजे व्हते."

तेवढ्यात वावराकडून जानराव येताना दिसले. सुभद्राबाईंचा नवरा. सत्तरी उलटलेला उंच माणूस, खांद्यावर दुपट्टा. किशोर उठला आणि बापाकडे न पाहता हळू आवाजात म्हणाला, "बाबाले नोका सांगू. बाबाले झेपनार नाई."

जानरावांना पाहुणा कोण हे कळल्यावर फार आनंद झाला. तुमच्याबद्दल ऐकलं होतं, म्हणाले. हात धरून त्यांनी गफ्फारभाईंना स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिज उघडला. भाज्यांच्या वरच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा होता. डब्यात कापूस, कापसात ती वडी.

मुंबईहून किशोरनं ती परत आणली होती. काय झालं ते त्यानं घरात सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाला होता की तपासणी जमली नाही. सुभद्राबाई गेल्या तेव्हा जानरावांनी वडी फेकू दिली नाही. तिची राख झाली ती कौंडण्यपूरला नदीत गेली, ते सांगत होते, पण हे तिच्या कुडीतलं आहे, हे एवढंच मागं राहिलं. उन्हाळ्यात लाइन गेली की ते डबा रांजणाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवत. एकदा दोन दिवस वीज नव्हती तेव्हा बडनेऱ्याहून बर्फाची लादी आणवली होती.

"तुमी जानकार मानूस," जानराव म्हणाले. "पाहा बरं, चांगलं आहे ना? खराब तं नाई झालं?"

गफ्फारभाईंनी वडी हातात घेतली. फ्रिजच्या दिव्याचा उजेड तिच्यातून सरळ आरपार गेला. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा जानरावांनी खालून आपला हात लावला. दारात किशोर उभा होता.

"चांगलं आहे," गफ्फारभाई म्हणाले. "असंच थंड ठेवजा."

जानरावांनी त्यांचा नंबर लिहून घेतला. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. किशोर भातकुलीपर्यंत मोटरसायकलवर सोडायला आला. गफ्फारभाई एसटीत बसल्यावर तो खिडकीपाशी येऊन म्हणाला, "आमच्या डेपोत ब्रेकचं काम एकटा मानूस करत नाई. एक आवळते, दुसरा पाहते. तुमच्याजवळ बी दोन मानसं ठेवा." माफ केलं असं तो म्हणाला नाही. गफ्फारभाईंनी ते मागितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र सोडलं. हात दाखवला. मेंदूच्या डॉक्टरांनी कंपाच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला. आता यंत्रावर ललिता बसते. सुईचा नमुना असला की गफ्फारभाई शेजारी उभे राहतात, आकडा मोठ्यानं वाचतात, तिनं तो परत म्हटल्याशिवाय चाक फिरत नाही. कात्रणं नळीत जातात. हा नियम डॉक्टर शेखरनी लिहून भिंतीवर लावला आहे. गेल्या वर्षी मोर्शीच्या एका माणसाच्या कात्रणांत ते एन्झाइम बिघडलेलं सापडलं. प्रियदर्शनी मॅडमनी गोळी सुरू केली, आणि अकरा महिने झाले तरी गाठ आहे तेवढीच आहे. तो माणूस स्वतः स्कूटर चालवत तपासणीला येतो. ललितानं पेढे वाटले. गफ्फारभाईंनी पेढा खाल्ला, मनापासून खाल्ला. पण मोर्शीवाला आठांतला तो एक निघाला म्हणून सुभद्राबाई उरलेल्या सातांतल्या होत्या असं काही ठरत नाही, हे त्यांना कळतं. ते आता कुणालाच कधी कळणार नाही. कळलं असतं तर, उत्तर कुठलंही असतं तरी, त्यांना ते पत्करून बसता आलं असतं.

आणि जानरावांचा फोन येतो. मार्च संपला की सुरू होतो. आज बेचाळीस आहे, चालन का? लाइन गेली आहे, तीन तास झाले, काय करू? मेण बाजूनं मऊ वाटून राह्यलं. गफ्फारभाई दर वेळी सांगतात, ओलं फडकं बदला, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा. साठ अंशांशिवाय ते मेण वितळत नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं. जानरावांना ते पटलं नाही. सांगून झालं की गफ्फारभाई उठून हातपाय धुतात. एक-दोनदा त्यांच्या तोंडाशी आलं होतं, जानरावभाऊ, नदीत सोडून द्या ते. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

या मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला तेव्हा ते नुसते बघत बसले. उचलायला हातच पुढे होईना. बिल्कीसनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला एव्हाना सगळं ठाऊक होतं. तिनं फोन उचलला, स्पीकर लावून समोर ठेवला, आणि गफ्फारभाईंची बायको बोलते असं सांगून आधी फडक्याचं सगळं ऐकून घेतलं. मग जे आजवर लॅबमधल्या कुणी, गफ्फारभाईंनीही, विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"भाऊ, तुमच्या घरची बाई व्हती कशी?"

मग जानराव बोलायला लागले. त्यांचा भाग खारपाणाचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याचा टँकर आला की सुभद्रा नळीपाशी उभी राहायची आणि पाटलाच्या घरच्यालाही रांग मोडू द्यायची नाही. सरपंच तिला भ्यायचा, पण ती स्वतः पालीला भ्यायची. मयतीच्या घरी तिला हसू यायचं, म्हणून ती पदर तोंडात धरून बसायची, आणि लोकांना वाटायचं की किती रडते बिचारी. डोळे पिवळे झाले तेव्हा पहिल्यांदा जानरावांनाच दिसले. त्यांनी तिला आरसा आणून दिला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, मले पुना हळद लागली, आता तुमी नवी धोती आना.

हे सांगून जानराव हसले, आणि हसताहसता त्यांचा आवाज गेला. थोड्या वेळानं ते म्हणाले, आली लाइन, फ्रिज सुरू झाला, ठेवतो.

बिल्कीसनं फोन उचलून फळीवर ठेवला. गफ्फारभाई पलंगाच्या कडेला बसले होते, हात मांडीखाली दाबून. बाहेर दुपार जळत होती. ती म्हणाली, "अब के बाद फोन मैं उठाऊंगी." त्यांनी मान हलवली.

पण त्या दिवसापासून लॅबमध्ये पित्तनळीचा नमुना आला आणि ललितानं वडी उजेडात धरली की त्यांना एक बाई दिसते. पिवळ्या डोळ्यांची, पदर तोंडात धरलेली. ती हसते आहे की रडते आहे हे त्यांना ओळखू येत नाही. ते आकड्याकडे बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, चार. ललिता म्हणते, चार. आणि चाक फिरतं.